डागी पेलेट स्वस्तात आणायला निघताय? आधी हे बघा

सोलापूरकराला सेकंडचा माल काय असतो ते शिकवायला नको. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला टॉवेल, कुठं धागा सुटलाय नाहीतर काठ वाकडा आलाय म्हणून स्वस्तात मिळतो आणि अंग मात्र पहिल्या नंबरच्या मालासारखंच पुसतो. हीच सवय घेऊन आपण एअर रायफलचे पेलेट, म्हणजे शिशाचे छर्रे, घ्यायला जातो आणि तिथं गंडतो, कारण टॉवेलची खोट हातात दिसते, पेलेटची खोट १० मीटरवरच्या टार्गेटात दिसते. तिकडं अमेरिकेत लोक घरी काडतुसं भरतात आणि कंपनीच्या डागी बुलेट, तांब्याचं कवच काळवंडलेल्या किंवा टोक दबलेल्या, स्वस्तात घेऊन वजन करून निवडून वापरतात, त्यांचं व्हिडिओत बघून आपल्याकडं कुणी काडतुसं भरायच्या नादाला लागू नका, त्याला आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ खाली परवाना लागतो. आपलं बोलणं ४.५ मिमीच्या शिशाच्या पेलेटपुरतं, पण निवडायची रीत मात्र तीच.

निघायच्या आधी घरी बसून हिशोब करा. मॅचला ६० शॉट, सरावाला पोरगं रोज १०० मारतंय आणि आठवड्यात पाच दिवस जातंय म्हणजे ५०० चा एक डबा आठवड्यात संपतो. आता डबा २० टक्के सूट देऊन मिळाला आणि त्यातले १०० पेलेट फेकावे लागले, तर तुम्ही ८० टक्के पैशात ८० टक्के माल घेतला, वाचलं काय? शून्य, वर निवडण्यात गेलेली संध्याकाळ तुमची. म्हणून फोनवर पहिला प्रश्न किमतीचा नको, खोट कुठं आहे हा विचारा. नुसता वरचा कागदी खोका फाटलाय, डब्याचं लेबल खरचटलंय, तर डोळे झाकून घ्या. डबा दबलाय तर उघडून बघितल्याशिवाय नाही. आणि "सुटा माल आहे, सगळं एकत्र आहे" म्हणाला की तिथंच रामराम करा, कारण वेगवेगळ्या लॉटचे आणि वेगवेगळ्या हेड साइजचे, म्हणजे डोक्याच्या मापाचे, ४.४९, ४.५०, ४.५१ मिमी, एकदा मिसळले की कुणाच्या बापाला वेगळे करता येत नाहीत.

हे मी शहाणपणानं सांगत नाहीये, मार खाऊन सांगतोय. मागं पुण्याहून असे चार दबके डबे आणले, हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये मांडीवर घेऊन, फार कमाई केल्यासारखा. पोरीचे शॉट एकदम दहाला, पुढचा आठला दोनच्या दिशेला, त्यापुढचा परत आठला सातच्या दिशेला. मी म्हणायचो श्वास चुकतोय, मोबाईल जास्त बघतेस, ती म्हणायची पप्पा माझं नाही ओ चुकत, ट्रिगर नीट सुटलाय. तीन आठवडे हेच चाललं, नेम धरायच्या साइटचे क्लिक फिरवून फिरवून वैताग. शेवटी तिच्या कोच सरांनी डब्यातला एक पेलेट बोटाच्या पेरावर उलटा ठेवला आणि म्हणाले काका, हे बघा. मागची पोकळ बाजू, ज्याला स्कर्ट म्हणतात, ती गोल नव्हतीच, हरभऱ्याच्या डाळीसारखी चपटी झालेली. तो स्कर्ट पातळ असतो आणि तोच नळीत घट्ट बसून मागची हवा अडवतो, तो वाकडा तर हवा एका बाजूनं सुटते आणि पेलेट निघतानाच कलतो. आणि दहाचा ठिपका किती, तर अर्धा मिलिमीटर! पोरीला सॉरी म्हणालो, अजून ऐकवते.

तर जाताना बरोबर काय न्यायचं: घरातला चांगल्या लॉटचा एक डबा नमुन्याला, भिंग, मोबाईलचा टॉर्च, आणि खिशात मावणारा एक काचेचा तुकडा, कडा घासलेला. दुकानदाराला विचारून डबा उघडा आणि वरच्या थरावर जाऊ नका, तळातले वीस-पंचवीस काढा, वर नेहमी गुलाबजाम चांगलेच असतात. स्कर्ट बघा, सपाट डोक्याची कड बघा, कारण तीच कागदात साफ भोक पाडते, आणि पांढरी भुकटी दिसली तर तो माल ओल खाल्लेला आहे, शिसं तसं होतं, सोडून द्या. मग काच थोडी तिरकी धरून एकेक घरंगळू द्या. एका मापाचे पेलेट साधारण एकाच वळणानं जातात, एखादा धडपडत दुसरीकडं गेला की समजायचं. लॉट नंबरचा फोटो काढा, सगळ्या डब्यांवर एकच आहे का बघा. पंचविसात चार-पाच वाईट निघाले तर पाया पडला तरी घेऊ नका.

घरी आल्यावर निवडायला मी सेकंडचाच टॉवेल पसरतो (त्यालाही आता काम मिळालं), त्याच्या लूपमध्ये पेलेट घरंगळत नाहीत. पण तो टॉवेल फक्त त्यालाच ठेवा, शिसं आहे ते, हात साबणानं धुतल्याशिवाय भाकरी-शेंगा चटणीला हात लावायचा नाही, आणि पोरांना पेलेट ओठात धरायची सवय असते ती आधी मोडा. वजन करायचं असेल तर एक मिलिग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागतो, स्वयंपाकघरातला नाही चालत, कारण रायफलचा मॅच पेलेट अख्खा ०.५३ ग्रॅमच्या आसपास असतो. माझं मत विचाराल तर वजनाच्या नादात फार पडू नका, स्कर्ट आणि डोकं नीट बघितलं की बहुतेक कचरा तिथंच गळतो. चांगले वेगळे, शंकेचे वेगळे, वाकडे थेट भंगारात, "हे नुसतं होल्डिंगला, रायफल स्थिर धरायच्या सरावाला, वापरू" असं म्हणून ठेवू नका, ते परत चांगल्यात मिसळतातच. भंगारवाल्याला द्यायचं ते बंद डब्यात.

मग रेंजवर सरांना सांगून रायफल स्टँडवर पक्की बसवून दहा-दहा शॉटचे तीन ग्रुप काढा, नमुन्याच्या डब्याचे पण तीन, एकाच दिवशी. दोन्ही कागदं एकमेकांवर धरून उजेडात बघा. फरक दिसला नाही तर उरलेले डबे त्याच दिवशी उचला, उद्या लॉट संपलेला असतो. फरक दिसला तर निवडलेले उभं राहायच्या आणि ट्रिगरच्या सरावाला, आणि जिल्ह्याच्या मॅचला मात्र सीलबंद, एकाच लॉटचा डबा, त्याच्या झाकणावर पोरीनं स्केचपेननं लिहिलंय, "पप्पांनी हात लावू नये".