हाडाच्या काचपट्टीवर पेशी कशा ओळखाव्यात

हाडाच्या छेदातील पेशी ओळखताना बहुतेक विद्यार्थी आधी आकार पाहतात. माझ्या मते आधी जागा पाहावी, कारण पेशी हाडात कोठे बसली आहे यावरून तिचे काम बरेचसे कळते.

वाळलेले हाड घासून केलेल्या छेदात पेशी उरत नाहीत, त्यांच्या रिकाम्या पोकळ्या तेवढ्या काळ्या दिसतात. म्हणून आम्लाने कॅल्शियम काढून हिमॅटॉक्सिलिन व इओसिन यांनी रंगवलेला छेद घ्यावा.

कमी शक्तीच्या भिंगाखाली हाडाची कडा शोधावी. कडेलगत घनाकार पेशींची एकेरी ओळ दिसली, तर त्या ऑस्टिओब्लास्ट, म्हणजे हाड घडवणाऱ्या पेशी होत. कोलॅजन, म्हणजे हाडाच्या चौकटीतील तंतुमय प्रथिन, सतत तयार करावे लागत असल्याने त्यांचे पेशीद्रव्य निळसर दिसते आणि केंद्रक बहुधा हाडापासून दूरच्या बाजूला असते. ओळीखालचा फिकट गुलाबी पट्टा म्हणजे ऑस्टिओइड, अर्थात क्षार न साचलेले कोवळे हाड. काम संपल्यावर यांतील काही पेशी मरतात, काही चपट्या होऊन पृष्ठभागावर अस्तरासारख्या पसरतात, तर काही स्वतःच स्रवलेल्या द्रव्यात गाडल्या जातात.

या गाडल्या गेलेल्या पेशी म्हणजे ऑस्टिओसाइट. प्रौढ हाडातील ९० ते ९५ टक्के पेशी याच असतात. प्रत्येक पेशी आपल्या पोकळीत एकटी दिसली, तरी सूक्ष्म नलिकांतून गेलेल्या तंतूंनी ती शेजारणींशी जोडलेली असते. हाडावर पडणारा ताण जाणून कोठे भर घालावी आणि कोठे झीज करावी, याचे संदेश हे जाळे देते. हे तंतू नेहमीच्या रंगात नीट दिसत नाहीत, त्यामुळे ते सापडले नाहीत म्हणून गोंधळू नये.

अस्थिआवरणाच्या आतल्या थरातील निमुळत्या पूर्वज पेशी (ज्यांपासून ऑस्टिओब्लास्ट बनतात) तंतुपेशींपासून, म्हणजे तंतू बनवणाऱ्या पेशींपासून, वेगळ्या ओळखणे अवघड असते. तेथे जागेवरच भिस्त ठेवावी.

ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे हाड झिजवणारी पेशी, मात्र सहज नजरेत भरते. ही मोठी, गुलाबी, अनेक केंद्रकांची पेशी हाडाच्या पृष्ठभागावरील खळग्यात बसलेली असते. ती ऑस्टिओब्लास्टच्या कुळातील नसून रक्तातील मोनोसाइट या पांढऱ्या पेशीच्या वंशातील आहे. आम्ल सोडून ती क्षार विरघळवते आणि कॅथेप्सिन-के या विकराने कोलॅजन तोडते. परीक्षेत तिची गल्लत मेगाकॅरिओसाइटशी, म्हणजे रक्तबिंबिका (प्लेटलेट) तयार करणाऱ्या पेशीशी, होते. तीही मोठी असते, परंतु तिचे केंद्रक एकच, अनेक पाळ्यांचे असते आणि ती हाडाला चिकटून न राहता मज्जेत आढळते.