कुंकवाचा सिनेमा आईशेजारी बसून बघा

सिनेमा समाजाचं काय उचलतो आणि कशाला नडतो, हे शिकायचं तर एकच सिनेमा घ्या, पण तीनदा बघा. मी ‘कुंकू’ घेते. १९३७ चा, प्रभात फिल्म कंपनीचा. ही कंपनी १९२९ साली इथं कोल्हापुरातच उभी राहिली, नंतर पुण्याला गेली.

पहिल्यांदा वही बंद ठेवा. नुसतं बघा.

दुसऱ्यांदा आवाज बंद. आता वस्तू बोलू लागतात. म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ बघा, आरसा बघा. त्या काळी जरठ-बाला विवाह, म्हणजे म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचं लग्न, घरोघरी चालवून घेतला जात होता. सिनेमातली तरुण बायको नीरा मात्र नवऱ्याला नवरा मानायलाच नकार देते. वहीत दोन रकाने पाडा: सिनेमा काय गृहीत धरतो आणि कशाला ‘नाही’ म्हणतो.

तिसऱ्यांदा शेवटावर थांबा. नीराची सुटका कशानं होते? नवऱ्याच्या मरणानं. म्हणजे बंड तिचं, पण दार उघडतो तोच. माझ्या मते इथंच सिनेमाचं धाडस आणि त्याची मर्यादा दोन्ही सापडतात. हे वाक्य दुसऱ्या रकान्यात लिहायचं की पहिल्या, यावर आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात मी आणि आई तासभर भांडलो. आई म्हणाली, “दोन्हीकडं लिही की गं.”

म्हणून एकटं बघू नका. वयानं मोठी बाई शेजारी बसवा, आणि ती कुठं गप्प होते तेही टिपून ठेवा.