स्विचच्या पोर्टवर ८०२.१एक्स लावताना

महापे काय, वागळे इस्टेट काय, छोट्या ऑफिसांत मीटिंग रूममधला लॅन पोर्ट बहुधा उघडाच असतो. पाहुण्याने केबल खोचली की तो थेट आतल्या नेटवर्कमध्ये. ८०२.१एक्स म्हणजे ओळख पटल्याशिवाय पोर्टवरच्या उपकरणाला नेटवर्कमध्ये न घेण्याची पद्धत.

सिस्को स्विचवर आधी रेडियस सर्व्हर (ओळख तपासणारा सर्व्हर) नोंदवा: ऑथेंटिकेशनला (ओळख तपासणीला) यूडीपी पोर्ट क्रमांक १८१२, अकाउंटिंगला (वापराच्या नोंदींना) १८१३, आणि शेअर्ड सीक्रेट (स्विच आणि सर्व्हरमधला गुप्त शब्द) दोन्हीकडे अगदी तेच. मग डॉट१एक्स (म्हणजे ८०२.१एक्सच) आधी संपूर्ण स्विचवर चालू करा, नंतर पोर्टवर. पहिली पायरी राहिली तर दुसरीचा काही उपयोग नाही.

पहिल्या दिवसापासून सक्ती करू नका. आठवडाभर पोर्ट ओपन मोडमध्ये ठेवा. तपासणी होते, नोंदी मिळतात, कोणी अडत नाही. खरी डोकेदुखी प्रिंटर, हजेरीचे मशीन आणि जुन्या कॅमेऱ्यांची. त्यांना लॉगिन जमत नसेल तर मॅक पत्त्यावरून (उपकरणाच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक) प्रवेश द्या, पण वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवर वेगळे केलेले नेटवर्क), कारण मॅक पत्त्याची नक्कल सहज होते. मूळ सेटिंगमध्ये स्विच ३० सेकंदांच्या अंतराने तीनदा विचारतो आणि ९० सेकंदांनंतरच मॅककडे वळतो. तोवर प्रिंटर आयपी मागून थकलेला असतो. टीएक्स-पीरियड (दोन विचारणांमधले हे अंतर) १० सेकंदांवर आणा.

फोनमागे पीसी जोडलेला असेल तर मल्टी-डोमेन मोड हवा, म्हणजे एकाच पोर्टवर फोन आणि पीसी दोघांची वेगळी तपासणी होते. विंडोजवर केबलवरचे ८०२.१एक्स लॉगिन सांभाळणारी 'वायर्ड ऑटोकॉन्फिग' सेवा आपोआप सुरू होत नाही. ती ऑटोमॅटिक करा. रेडियस बंद पडल्यास पोर्ट कोणत्या व्हीलॅनमध्ये जाईल, तेही आधीच ठरवा.