लेक एरीवर एप्रिलमध्ये वॉलाय पकडायचाय? ट्रोलिंग असं करा

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. ट्रोलिंग म्हणजे ट्रॉलर नाही. रत्नागिरीच्या काकांना फोनवर सांगितलं की उद्या ट्रोलिंगला चाललोय, तर त्यांना वाटलं मी जाळी ओढणाऱ्या मोठ्या बोटीवर चाललोय. इथे जाळीबिळी काही नसतं, रॉडला (गळाच्या काठीला) लाईन, लाईनला लूर, म्हणजे माशासारखं दिसणारं खोटं आमिष, आणि बोट इतकी हळू चालवायची की काठावरून बघणाऱ्याला ती उभीच वाटेल. मासा शोधत आपण फिरतो, लूर मागून पोहत येतो, एवढंच.

वॉलाय हा इथला मासा, डोळे काचेसारखे मोठे, आणि त्या डोळ्यांच्या आत मागच्या बाजूला मांजरासारखा प्रकाश परत फेकणारा थर असतो. म्हणून त्याला कमी उजेडात छान दिसतं आणि लख्ख उन्हात तो जरा दबून राहतो. ही एक गोष्ट समजली की पहाटे का जायचं, ढगाळ दिवस का चांगला, हलक्या लाटा असल्या की मासे का जास्त लागतात, हे सगळं आपोआप कळतं.

आता जागा. लेक एरी हे अमेरिका-कॅनडाच्या सीमेजवळच्या पाच ग्रेट लेक्समधलं सगळ्यात उथळ, आणि त्यातही पश्चिमेचा भाग, म्हणजे टोलीडोपासून सँडस्कीपर्यंतचा वेस्टर्न बेसिन, सरासरी फक्त 24 फूट खोल. त्यामुळे तो लवकर तापतो आणि मासे अंडी घालायला इथेच येतात, काही मॉमी आणि सँडस्की नद्यांमध्ये चढतात आणि बाकीचे नायगारा रीफ, टूसाँ रीफ, क्रिब रीफ अशा खडकाळ रीफ्सवर, म्हणजे पाण्याखालच्या उंचवट्यांवर. पाणी साधारण 42 ते 50 डिग्री फॅरनहाइट, म्हणजे 6 ते 10 सेल्सियसच्या आसपास आलं की हे चालू होतं. नर रीफवर आठवडेच्या आठवडे थांबतात, मोठ्या माद्या मात्र अंडी घातली की निघून जातात आणि शेजारच्या चिखलाच्या सपाट तळावर, पाण्यात मधल्या उंचीवर तरंगत आराम करतात. रीफवर जिग (वजनदार हूक वर-खाली नाचवणं) मारणाऱ्यांना नर मिळतात आणि ट्रोलिंगवाल्यांना माद्या, ते या कारणाने. म्हणजे तुम्ही रीफच्या डोक्यावर फिरायचंच नाही, रीफच्या बाजूला एक-दोन माईलवर, सपाट भागात फिरायचं. डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्राचा कूलिंग टॉवर लांबूनही दिसतो, तो किनाऱ्याची खूण म्हणून धरा.

निघायच्या आधी हे बघाच. इकडचा किनारा अमेरिकेच्या ओहायो राज्यात येतो, तिथलं फिशिंग लायसन्स 16 वर्षं आणि त्यावरच्यांना लागतं, एरीवर वॉलायची लांबी कमीतकमी 15 इंच आणि माणशी दिवसाला 6 मासे, पण नियम दरवर्षी बदलू शकतात, म्हणून जायच्या आदल्या दिवशी राज्याच्या साईटवर बघून घ्या, माणशी किती रॉड चालतात तेही. कॅनडाची हद्द पाण्यातूनच जाते, ती ओलांडून फिशिंग केलं तर ऑन्टारियोचं लायसन्स लागतं, त्यामुळे जीपीएसवर हद्दीची रेषा दिसत राहू द्या. आणि कॅम्प पेरी या लष्करी सराव तळाची फायरिंग रेंज किनाऱ्यालाच आहे, गोळीबार चालू असतो तेव्हा समोरच्या पाण्याचा ठरावीक भाग बंद असतो, आधी चौकशी करा.

हवामानाबद्दल मात्र मी थोडं जास्त बोलणार. तळं उथळ असल्यामुळे वारा सुटला की लाटा झटकन उठतात, आणि त्या समुद्रासारख्या लांब नसतात, आखूड आणि उभ्या असतात, छोट्या बोटीला धडाधड आपटतात. नॉर्थईस्ट वारा दोन दिवस वाहिला की पाणी चहासारखं गढूळ होतं आणि माशाला लूर दिसतच नाही. पश्चिमेचा जोरदार वारा असेल तर उलटं, पाणी पूर्व टोकाच्या बफेलोकडे ढकललं जातं आणि इकडच्या रॅम्पवर बोट उतरवायला पाणी कमी पडतं. एप्रिलचं पाणी साधारण 45 डिग्री फॅरनहाइट असतं, त्यात पडलात तर दहा-पंधरा मिनिटांत हातपाय काम करेनासे होतात, मग पोहता येतंय की नाही याला काही अर्थ उरत नाही. लाईफ जॅकेट अंगात घाला, सीटखाली ठेवू नका, आणि किल स्विचची, म्हणजे तुम्ही पडलात तर इंजिन बंद करणारी, दोरी अंगाला अडकवा. फोरकास्टमध्ये लाटा तीन फूट दिसल्या की मी जात नाही, दोन तास गाडी चालवून आलो असलो तरी.

सामान फार लागत नाही, पण एक गोष्ट टाळू नका: लाईन काउंटर असलेली रील. किती फूट लाईन बाहेर गेली हे आकड्यात दिसल्याशिवाय ट्रोलिंग म्हणजे अंधारात दगड मारणं. 10 पाउंड ताकदीची मोनो (एकेरी नायलॉनची) लाईन, साडेसात-आठ फुटांचा मऊ रॉड, आणि खोल जाणारे लूर, इथे बँडिट, रीफ रनर आणि परफेक्ट टेन हे सगळ्यांच्या डब्यात असतात. यातले बहुतेक लूर थांबले की वर तरंगतात आणि ओढले की पुढच्या पट्टीमुळे खाली बुडी मारतात. जितकी लाईन जास्त तितका लूर खोल, आणि लाईन जाड असली तर तेवढ्याच लांबीवर कमी खोल.

पाण्यात टाकायच्या आधी प्रत्येक लूर बोटीशेजारी ओढून बघा. सरळ पोहला पाहिजे. डावीकडे पळत असेल तर लाईन बांधायची कडी पकडीने अगदी किंचित उजवीकडे वाकवा, उजवीकडे पळत असेल तर डावीकडे.

मग प्लेनर बोर्ड. ही हाताएवढी तरंगती पाटी असते, लाईनला क्लिपने अडकवायची, ती पाणी कापत बाजूला जाते आणि लूर बोटीपासून 50-100 फूट लांब नेते. हिची गरज का, तर वसंतातले मासे बरेचदा वरच्या दहा फुटांत असतात, बोट डोक्यावरून गेली की बाजूला सरकतात. शिवाय सोनारचा, म्हणजे आवाजाच्या लहरींनी मासे दाखवणाऱ्या यंत्राचा, कोन पृष्ठभागाजवळ इतका अरुंद असतो की हे मासे स्क्रीनवर दिसतच नाहीत. स्क्रीन रिकामी म्हणून जागा सोडून जाणारे लोक मी खूप पाहिलेत, बाजूच्या बोटीवर मात्र मासे येत असतात. बोर्ड डावा-उजवा वेगळा असतो, बघून लावा. आधी लूर ठरलेल्या लांबीवर सोडा, मग बोर्ड क्लिप करा, मग हळूहळू लाईन सोडा. सगळ्यात बाहेरचा बोर्ड आधी.

दोघं जण असाल तर चार लाईन लावा: 30, 50, 70 आणि 90 फूट. कोणत्या लांबीवर मासा लागतोय ते बघा, मग शेजारचा रॉड तिकडे न्या, पण सगळे एकदम नका बदलू, एक तरी वेगळा राहू द्या. वॉलायचे डोळे वर बघायला बनलेत, तो खालून वर येऊन लूर पकडतो, म्हणून लूर माशाच्या वर असला तर चालतो, खाली गेला की दिसतच नाही.

आणि स्पीड. माझ्या मते सगळा खेळ इथे आहे. थंड पाण्यात मासा पाठलाग करत नाही, त्याच्यासमोरून हळू जावं लागतं. 42-43 डिग्रीला ताशी 1 ते 1.3 माईल, पाणी 50 च्या जवळ गेलं की 1.5 किंवा थोडं जास्त. जीपीएसवरचा स्पीड बघा, मोटरचा आवाज ऐकून अंदाज करू नका. सरळ रेषेत न जाता लांब, मोठे एस काढत चला, कारण वळताना आतल्या बाजूचे लूर हळू होतात आणि बाहेरचे जोरात जातात. आतल्यावर मासा लागला तर स्पीड कमी करा, बाहेरच्यावर लागला तर वाढवा, मासा स्वतःच सांगतोय तुम्हाला. वळण मात्र मोठं घ्या. पहिल्या वर्षी मी एकदा झटक्यात वळलो आणि चारही लाईन एकमेकांत गुंतल्या, अर्धी सकाळ सोडवण्यात गेली.

मासा लागला की बोर्ड मागे ओढला जातो. छोटा असेल तर नुसता थरथरतो, लक्ष ठेवा. रॉडला झटका देऊ नका, हूक आधीच बसलेला असतो. बोट थांबवू नका, थांबली की लाईन ढिली पडते आणि मासा सुटतो. एकाने सारख्या वेगाने रील करायची, बोर्ड जवळ आला की दुसऱ्याने क्लिप काढायची, आणि मग नेटमध्ये डोक्याकडून घ्यायचा. माशाच्या तोंडात हाताचं बोट घालू नका, दात आहेत, आणि कल्ल्याच्या झाकणाची कडही हात कापते. 26-27 इंचाच्या वरच्या माद्या मी सोडून देतो, खायला 16 ते 20 इंचाचेच चांगले लागतात आणि त्या मोठ्या माद्यांनीच हे तळं भरतं.

मे उजाडला, पाणी 55 च्या वर गेलं की लूरपेक्षा गांडूळ जास्त चालतं. दोन हूक, मणी आणि फिरणारी कोलोराडो ब्लेड (धातूची गोलसर पाती) असलेलं हार्नेस, म्हणजे गांडूळ लावायची तयार दोरी, त्यावर अख्खं नाईटक्रॉलर (मोठं गांडूळ), पुढे एक-दोन औंसाचं वजन, स्पीड साधारण 1 माईल. ब्लेड फिरतंय ना एवढं बघा.

मासे बर्फ आणि पाण्याच्या मिश्रणात ठेवा, नुसत्या बर्फावर नको. फिले (हाडापासून सोडवलेले मांसाचे तुकडे) किनाऱ्यावर आल्यावरच काढा, लांबीचा नियम आहे म्हणून. गालाचे दोन गोळे फेकू नका, ते सगळ्यात गोड. काटा जवळजवळ नाही, मांस पांढरं आणि सौम्य, त्यामुळे मसाला हलका ठेवा: आलं-लसूण, हळद, तिखट, कोकम आगळाचे चार थेंब, पंधरा मिनिटं. मग बारीक रव्यात घोळवून थोड्या तेलावर, एका बाजूला तीन-चार मिनिटं, आणि एकदाच उलटायचा, कारण तो सुरमईसारखा घट्ट नाही, दुसऱ्यांदा उलटलात तर तव्यातच सुटतो.