जुनी सीरिज लँड रोव्हर विकत घेताना काय तपासावे

ब्रिटनमधील रोव्हर मोटार कंपनीचे मुख्य अभियंता मॉरिस विल्क्स वेल्समधील अँगलसी बेटावरील आपल्या शेतावर युद्धातून उरलेली एक जीप वापरत असत. तिच्याच धर्तीवर घडलेली लँड रोव्हर 1948 मध्ये ॲमस्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनात लोकांसमोर आली; तिच्या सुरुवातीच्या पिढ्यांना ‘सीरिज’ म्हणतात. पोलादाची टंचाई असल्यामुळे बाहेरचे पत्रे ॲल्युमिनियम मिश्रधातूचे केले गेले, आणि खरेदीदाराची फसगत नेमकी येथेच होते.

पत्रा धडधाकट दिसला तरी त्याखालची चॅसी, म्हणजे गाडीचा मूळ सांगाडा, पोलादी पेटीसारखी पोकळ असते आणि ती आतून गंजते. म्हणून प्रथम गाडीखाली शिरून लहान हातोडीने चॅसी ठोकत जावे; खणखणीत नाद आल्यास ठीक, बोदा आवाज आल्यास तेथे पत्रा पातळ झाला आहे असे समजावे. मागचा आडवा दांडा आणि इंजिन व बैठकीमधील पोलादी भिंत विशेष बारकाईने पाहावी, शिवाय ॲल्युमिनियम व पोलाद जेथे एकमेकांना चिकटतात तेथे ओलाव्याने पांढरी भुकटी धरते, तीही शोधावी.

त्यानंतर मातीच्या रस्त्यावर पिवळ्या मुठीचा दांडा दाबून चारही चाकांना जोर मिळतो का ते पाहावे. लाल मुठीचा दांडा गाडी थांबवून मागे ओढल्यास मंद गियर लागतात. कोरड्या डांबरावर मात्र हा प्रयोग टाळावा, कारण पुढच्या व मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल त्यांच्यामध्ये नसल्याने यंत्रणेवर ताण येतो. इंजिनाची चिंता शेवटी केली तरी चालेल, कारण त्याची दुरुस्ती चॅसी बदलण्याइतकी जिकिरीची नसते.