आफ्रिकेच्या ग्रुप टूरवर प्राणी खरंच दिसावेत म्हणून काय करायचं

जूनमध्ये साउथ आफ्रिकेला चाललोय, तिथल्या क्रूगर नॅशनल पार्कला प्राणी दिसतील का, असं सोसायटीत दोघातिघांनी विचारलं म्हणून सविस्तर लिहितोय. दिसतील, पण नुसतं गाडीत बसून नाही, शोधावे लागतात. ताडोबाचा कोअर, म्हणजे आतला मुख्य जंगलाचा भाग, ६२५ चौ. किमी आहे आणि क्रूगर जवळपास २०,००० चौ. किमी, म्हणजे गाईडला कितीही माहिती असली तरी गाडीतल्या आठ-दहा जोडी डोळ्यांची मदत लागतेच.

वेळ चांगली निवडलीये. आपल्याकडे पाऊस सुरू होतो तेव्हा तिकडे कोरडा हिवाळा असतो, गवत वाळून बसलेलं, झाडं उघडी पडलेली आणि पाणी मोजक्या ठिकाणी, त्यामुळे लांबचं दिसतं आणि प्राणी पाणवठ्यावर येतात. फक्त पहाटे उघड्या जीपमध्ये वारा फार बोचतो, पारा दहाच्या खाली जाऊ शकतो, तेव्हा कानटोपी, हातमोजे, जाड जॅकेट न्याच. मलेरियाच्या गोळ्यांचं निघायच्या आधी डॉक्टरांना विचारा. आणि पहाटेची सफारी झोपेसाठी सोडू नका हो, तिकडचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे आहे, तिथे पाच म्हणजे पुण्यात साडेआठ, पहिले दोन-तीन दिवस जाग आपोआप येते.

आता बघायचं कसं. आपण अख्खा प्राणी शोधतो, तो तसा दिसतच नाही. झुडपांच्या उभ्या रेषांमध्ये एखादी आडवी रेष दिसली तर थांबा, ती पाठ असू शकते. बिबट्यासाठी मोठ्या झाडांच्या आडव्या फांद्या बघत जा, बऱ्याचदा आधी खाली लोंबणारी शेपटीच दिसते. दिवसा सिंह सावलीत पडून असतात, त्यामुळे झाडाच्या बुंध्याशी नजर टाका, कान हलला की कळतं. आणि जवळच्या झाडीवरून लगेच नजर पुढे नेऊ नका, झाडीच्या आरपार, मागे बघायची सवय लावा.

यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे बाकीचे प्राणी कुठे बघतायत ते बघणं! ताडोबात चितळाचा, वानराचा धोक्याचा कॉल ऐकतो ना, अगदी तसंच. इम्पाला, म्हणजे तिकडची हरणं, नाकातून फुसकारल्यासारखा आवाज काढतात, कुडू हे मोठं हरीण चक्क भुंकतं, आणि सगळे जिराफ चरणं थांबवून एकाच दिशेला टक लावून उभे असले तर तिकडे काहीतरी आहे. पहिल्या दिवशी इम्पाला दिसली की सगळे फोटो काढतात, तिसऱ्या दिवशी कोणी मान वळवत नाही, आणि खरी चूक तिथेच होते. आमच्या गाडीत एकदा गाईडने इंजिन बंद केलं, इम्पाला फुसकारत होत्या, पण मागे गप्पा आणि वेफर्सच्या पाकिटाची चुरचुर चालू होती, दिशा लागेपर्यंत बिबट्या रस्ता ओलांडून गेला, मला फक्त शेपटीचं टोक दिसलं, अजून हळहळ वाटते. म्हणून खाऊ आधीच डब्यात काढून न्या आणि गप्पा कॅम्पवर परत आल्यावर.

काही दिसलं तर ओरडायचं नाही, उभं राहायचं नाही, बोट दाखवूनही फारसं कळत नाही. गाडीचं नाक म्हणजे बारा वाजले असं धरा आणि हळू सांगा, "दोन वाजता, वाळलेल्या झाडाच्या डावीकडे." गाईडलाही तसंच इंग्लिशमध्ये सांगा, त्यांना ही पद्धत माहीत असते.

बायनॉक्युलर घरटी एक नाही, माणशी एक हवा, आठ बाय बेचाळीस (आठपट मोठं दाखवणारा, ४२ मिमी भिंगाचा) पुरतो. जायच्या आधी पंधरा दिवस पुण्यात तळजाई टेकडीवर मोरांवर प्रॅक्टिस करा, नजर मोरावरच ठेवायची आणि बायनॉक्युलर डोळ्यांपाशी आणायचा, खाली बघून उचलला की जागा हरवते.

गेंडा दिसला तर ओठ बघा, रुंद चौकोनी ओठ आणि मान खाली घालून गवत चरतोय तर व्हाइट ऱ्हायनो, टोकदार ओठाने झुडपाची पानं ओढतोय तर ब्लॅक, आणि तो दिसणं फार नशिबाचं. कुठल्याही गेंड्याचा फोटो ग्रुपवर टाकताना मात्र लोकेशन बंद ठेवा आणि कुठल्या रस्त्यावर दिसला तेही लिहू नका, शिंगासाठी तिकडे अजूनही शिकार होते.