टेक ब्लॉगवर लिहिताय पण कुणी उत्तरच देत नाही? या चुका टाळा

एखाद्या कोपऱ्यातल्या विषयावर लिहिणारे आपण जेमतेम मूठभर, कुणी डेटाबेसवर कुणी कीबोर्डच्या फर्मवेअरवर, एकमेकांचं सगळं गुपचूप वाचतो, लिंक मात्र कुणी कुणाला देत नाही आणि वर रडतो की इथे कुणी बोलतच नाही. खालच्या जवळपास सगळ्या चुका मी स्वतः करून बसलोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नाव न घेता उत्तर द्यायचं. "काही जण म्हणतात एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये वॉल मोड (बदल आधी वेगळ्या लॉग फाइलमध्ये लिहायची पद्धत) कायम चालू ठेवा" असं लिहिलं की ज्याने ते म्हटलंय त्याला पत्ता लागत नाही आणि वाचणाऱ्याला मूळ लेख सापडत नाही. वाद नको म्हणून आपण असं करतो खरं, पण टोमणा मारल्यासारखंच वाटतं ते. सरळ लिंक द्या आणि नेमका मुद्दा पकडा, म्हणजे असं की "एका मशीनवर तुमचं बरोबर आहे, पण डेटाबेसची फाइल नेटवर्क ड्राइव्हवर असेल तर वॉल चालत नाही, कारण त्यात सगळ्या प्रोसेसना मेमरी शेअर करावी लागते आणि त्यासाठी त्या एकाच मशीनवर असाव्या लागतात". आता समोरच्याला बोलायला काहीतरी मिळालं ना! नुसतं "मस्त लेख, नक्की वाचा" म्हणून लिंक दिली की तो थँक्यू म्हणून मोकळा.

आणि लिंक त्या लेखाचीच द्या, होमपेजची नको, महिन्याभरात लेख खाली सरकतो मग शोधत बसा.

दुसरी गोष्ट, लिंक दिली पण समोरच्याला कळलंच नाही. लिंक दिली की समोरच्या ब्लॉगला आपोआप कळावं यासाठीच २००२ मध्ये ट्रॅकबॅक आणि पिंगबॅक निघाले होते, स्पॅमवाल्यांनी त्यांची वाट लावली, २०१४ मध्ये तर वर्डप्रेस या ब्लॉगच्या सॉफ्टवेअरचं पिंगबॅक वापरून हजारो साइट्सकडून एका साइटवर हल्ला झाला, त्यामुळे बऱ्याच जणांनी ते बंदच करून टाकलंय. त्याच कामाची नवी पद्धत, वेबमेन्शन, २०१७ पासून वेबची स्टँडर्ड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीचं स्टँडर्ड आहे, पण ते दोन्हीकडे लावलेलं लागतं. म्हणून मी आपला दोन ओळींचा ईमेल टाकतो, "तुमच्या अमुक मुद्द्यावर लिहिलंय, चुकलं असेल तर सांगा", बस. यात लाजण्यासारखं काही नाही.

आरएसएस, म्हणजे नवे लेख वाचकाकडे आपोआप पोचवणारं फीड, चेक केलंय का? फीड वाचायचं गूगल रीडर २०१३ मध्ये बंद पडलं तरी आपल्यासारखे किडे अजून फीडवरच वाचतात. थीम बदलताना पानाच्या कोडमधला, हेडमधला फीडचा टॅग उडतो आणि आपल्याला कळतही नाही, तर स्वतःचं होमपेज एखाद्या फीड रीडरमध्ये टाकून बघा सापडतंय का. वर्डप्रेस असेल तर रीडिंग सेटिंगमध्ये फीडला पूर्ण लेख द्या, अर्ध्यात तुटलेला लेख उघडायचा कंटाळा येतो हो.

लेखांचे पत्ते बदलताना मी माती खाल्ली होती. लिंकमधली तारीख दिसायला बरी दिसत नाही म्हणून काढून टाकली, जुन्या पत्त्यावरून नव्यावर पाठवणारं ३०१ रिडायरेक्ट लावायचं राहून गेलं, आणि लोकांनी दोन वर्षांत दिलेल्या सगळ्या लिंका ४०४, म्हणजे पान सापडत नाही. एकाने तर वैतागून माझी लिंकच काढून टाकली, त्याचं काय चुकलं?

"तू माझी दे मी तुझी देतो" हा धंदा नकोच. वाचणाऱ्याला लगेच वास येतो आणि अति झालं तर गूगलही त्याला स्पॅम धरतं.

राहता राहिलं उशिराचं. लेख जुना झाला आता काय बोलायचं असं वाटून आपण गप्प बसतो. माझ्या एका जुन्या लेखावर कुणीतरी दीड वर्षाने आपल्या ब्लॉगवर उत्तर लिहिलं, कमांडमधला एक फ्लॅग (पर्याय) मी उलटा दिला होता आणि तोपर्यंत एकानेही सांगितलं नव्हतं. लेखात अगदी वरती दुरुस्ती टाकली, शेजारी त्याची लिंक.